थोरले माधवराव पेशवे आणि आतड्यांचा क्षय

पिंपरी-चिंचवड किंवा चाकणला राहत असाल, तर थेऊरच्या चिंतामणीला तुम्ही एकदा तरी गेला असाल. हे देऊळ चिंचवड देवस्थानाकडे आहे. तिथला लाकडी सभामंडप थोरल्या माधवराव पेशव्यांचा. याच आवारात १८ नोव्हेंबर १७७२ रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे २७.

पानिपतानंतर १७६१ मध्ये, सोळाव्या वर्षी ते पेशवे झाले. १७६३ मध्ये त्यांनी राक्षसभुवनला निजामाला हरवले आणि १७६८ मध्ये धोडपला काका रघुनाथरावांना. १७७० च्या सुमारास हैदर अलीवरची मोहीम मात्र आजारपणामुळे त्रिंबकराव पेठे यांच्यावर सोपवून त्यांना परतावे लागले. पुढची दोन वर्षे शरीर खंगतच गेले. आजार राजयक्ष्मा, म्हणजे क्षय. तो आतड्यांचा होता असे मानले जाते.

पेशव्यांच्या मुदपाकखान्यात दूध-तुपाची काय कमतरता? मग माणूस झिजला कसा? तुमच्या घरीही कोणी आतड्यांच्या जुन्या आजाराने वाळत चालले असेल, तर जेवत नाही म्हणून त्याच्यावर रागावण्याआधी हे वाचा.

आतड्यात दीर्घकाळ दाह असला, की त्यातून रक्तात जाणारी रसायने मेंदूपर्यंत पोहोचून भूक मारतात. तीच स्नायूंतील प्रथिने मोडायला लावतात. सुजलेल्या अस्तरातून अन्नरस नीट शोषला जात नाही, उलट प्रथिने गळतात. आतडे अरुंद झाले असेल तर जेवल्यावर पोट दुखते, म्हणून रुग्ण घाबरून कमी खातो. कुपोषणाने प्रतिकारशक्ती घटते, अस्तर भरून येत नाही आणि दाह टिकून राहतो. म्हणून नुसता खुराक वाढवून भागत नाही, आणि खुराकाशिवाय नुसत्या गोळ्यांनीही नाही. रक्तातले अल्ब्युमिन कमी आले, तर त्यामागे बऱ्याचदा दाहही असतो.

क्रोन्स या आजारातही हेच चक्र चालते. आपल्याकडे क्रोन्स आणि आतड्यांचा टीबी यांत गफलत होते, आणि ती महागात पडते: क्रोन्स समजून स्टेरॉइड दिले तर टीबी बळावू शकतो. त्यामुळे डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी करून तुकडा तपासायला सांगितला तर टाळू नका.

माधवरावांच्या वैद्यांना जंतूच ठाऊक नव्हता. तो कॉखने १८८२ मध्ये शोधला, आणि गुणकारी औषधे १९४० नंतर आली. आज आतड्यांचा टीबी साधारण सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होतो.

तुम्ही घरी वजन लिहून ठेवा. सहा महिन्यांत ६० किलोचे ५७ किंवा त्याहून कमी झाले, तर शिफ्ट किंवा कॅन्टीनच्या जेवणाला दोष देत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. सोबत संध्याकाळचा ताप, पोटदुखी किंवा जुलाब असतील तर लगेच. टीबीची औषधे सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात, आणि नोंद झालेल्या रुग्णाला आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून दरमहा १,००० रुपयेही मिळतात.