सासून घराण्यातील आजीबाई

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील आमच्या बहुतेक वाचकांस पुण्याचे सासून रुग्णालय ठाऊक आहे. गावचा इलाज थकला म्हणजे नारायणगाव, मंचर, घोडेगाव येथील लोक आपला रोगी तेथे नेतात. ज्यांच्या देणगीने ते उभे राहिले व १८६७ साली उघडले, ते डेव्हिड सासून हे बगदादहून मुंबईस आलेले यहूदी व्यापारी होत. ते १८६४ साली पुण्यास वारले. तेथील लाल देवळाच्या आवारात त्यांची कबर आहे. परंतु आज आम्ही सांगतो ती हकीकत त्यांच्या घराण्यातील एका स्त्रीची आहे.

फ्लोराबाई सासून यांचा जन्म १८५९ साली मुंबईस झाला. त्या जन्माने डेव्हिड यांची पणती व विवाहाने सून. कारण १८७६ साली डेव्हिड यांचे पुत्र सॉलोमन यांच्याशी त्यांचे लग्न झाले. मुलींस शिकविणे लोकांस अजून नवल वाटत असे, अशा काळी त्या हिब्रू, अरबी, हिंदुस्तानी व इंग्रजी या भाषा शिकल्या, आणि रब्बींपाशी त्यांनी पवित्र शास्त्राचा अभ्यास केला.

१८९४ साली पती वारले. पदरी तीन मुले. अशा प्रसंगी बाईने कोपऱ्यात बसावे, अशी जगाची समजूत. पण फ्लोराबाईंनी मुंबईच्या पेढीचा कारभार स्वतः हाती घेतला व १९०१ साली विलायतेस जाईपर्यंत चालविला. हाफकिन साहेबांनी पटकीवर लस काढली, तेव्हा लोक टोचून घेण्यास भीत. ती भीती जावी म्हणून बाईंनी आधी स्वतः टोचून घेतले.

एवढा व्याप असूनही त्यांनी शाब्बाथ मोडला नाही, की अन्नाचे नियम सोडले नाहीत. यहूद्यांच्या सार्वजनिक प्रार्थनेस दहा पुरुष लागतात. म्हणून प्रवासातही त्या तितकी माणसे बरोबर नेत. १९२४ साली लंडन येथील यहूदी धर्मविद्यालयाच्या समारंभात विद्वानांपुढे त्यांनी भाषण केले.

आईचे हे वेड मुलातही उतरले. पुत्र डेव्हिड याने जन्मभर हिब्रू हस्तलेख जमविले व १९३२ साली त्यांची मोठी यादी छापली. त्यांत सुमारे अकराशे वर्षांपूर्वी लिहिलेली, जवळजवळ संपूर्ण अशी जुन्या कराराची एक प्रत होती. ती त्याने १९२९ साली घेतली. २०२३ साली ती तीन कोटी एक्याऐंशी लक्ष डॉलरांस विकली गेली व तेल अवीव येथील संग्रहालयास देण्यात आली. नातू सॉलोमन १९१५ साली जन्मला, आजीच्या हयातीत वाढला व पुढे रब्बी झाला. आजीबाई १९३६ साली लंडन येथे वारल्या.

त्या शेवटपर्यंत यहूदीच राहिल्या. प्रभू येशूस त्यांनी ख्रिस्त मानले नाही, हे आम्ही लपवीत नाही. तथापि जे शास्त्र त्यांच्या घराने जिवापाड जपले, ते आमचेही शास्त्र आहे. आणि आमच्या घरी काय चालते? पुस्तक फडताळात असते, मुलांस शिकविणे हे उपदेशकाचे काम म्हणून आपण मोकळे होतो, आणि आदितवारी बाजाराची वाट धरतो. उपदेशक आठवड्यातून एकदा येतो; आजी तर रोज घरात असते.

तीमथ्याचा बाप हेल्लेणी होता. तरी त्याच्या अंगी जो विश्वास होता, तो आधी त्याची आजी लोईस हिच्या ठायी होता, असे प्रेषित पौल सांगतो. आमच्या मंडळ्यांतील आज्यांनो, तुमच्याजवळ पेढी नाही, हस्तलेखही नाहीत. कित्येकींस वाचताही येत नाही. तरी सांजवात झाल्यावर नातवाला जवळ बसवा, त्याच्याकडून एक अध्याय वाचून घ्या व त्याच्यासाठी मोठ्याने प्रार्थना करा. तुम्ही गेल्यावर तो शेत वाटून घेईल; पण हे धन वाटल्याने कमी होणार नाही.