रविवर्मा आणि आपली मळवली

राजा रविवर्मा म्हटले की सर्वांना लक्ष्मी-सरस्वती आठवतात. मला मात्र त्यांचा समुद्र आठवतो. लंकेची वाट न देणाऱ्या सागरावर रामाने धनुष्य उचलले आहे, आभाळ काळवंडले आहे आणि खवळलेल्या लाटांतून वरुण शरण येतो आहे. म्हैसूरच्या महाराजांसाठी काढलेले हे चित्र त्यांच्या अखेरच्या काळातले.

त्यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी केरळातील किळिमानूर येथे झाला. त्रावणकोर दरबारी थिओडोर जेन्सन हा युरोपियन चित्रकार आला, तेव्हा त्याने तैलरंग शिकवले नाहीत. काम करताना फक्त पाहू दिले. पाहून पाहून हा तरुण शिकला! १८७३ साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले. पुढे बडोद्याच्या सयाजीरावांसाठी त्यांनी चौदा पौराणिक चित्रे केली.

पण राजवाड्यातली चित्रे गोरगरिबांनी कुठे पाहायची? १८९४ मध्ये धाकटे बंधू राजवर्मा यांच्यासह त्यांनी मुंबईत शिळाप्रेस काढला. यंत्रे आणि कारागीर जर्मनीचे. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. कागद दर वेळी नेमक्या जागीच बसला पाहिजे. केसभर सरकला, तर देवीच्या ओठांचा रंग हनुवटीवर! मुंबईत प्लेगने थैमान घातले आणि १८९९ च्या सुमारास छापखाना आपल्या मावळात, मळवलीला आला. दादासाहेब फाळक्यांनीही या छापखान्यासाठी काम केले. आमच्या उर्से गावापासून मळवली ती किती दूर! तरी कॉलेजात येईपर्यंत ही हकिकत माझ्या कानी आली नव्हती.

व्यवहार मात्र साधला नाही. कर्ज वाढले आणि छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. छापील चित्रांनी त्यांची कला बाजारी झाली, असे काही टीकाकार म्हणतात. मला ते पटत नाही. ज्यांना देवळाची पायरी ओलांडू देत नसत, त्यांच्याही भिंतीवर या कागदांतून देव आला. आमच्या घरी पुस्तक नव्हते, पण लक्ष्मीची तसबीर होती.

१९०५ मध्ये राजवर्मा गेले. २ ऑक्टोबर १९०६ रोजी रविवर्माही. मळवलीचा छापखाना त्यांच्यामागेही बरीच वर्षे चालला. १९७२ साली त्याला आग लागली आणि बहुतेक सारे जळून गेले.