छायाचित्रांचे माप सांगणारे दादासाहेब

केजसारख्या तालुक्याच्या गावी किराणा दुकानात बिस्किटाचा पुडा हाती घेणारे गिऱ्हाईक आधी चित्र पाहते, मग वजन आणि किंमत. आतला जिन्नस दिसत नसल्याने वेष्टनावरील तपशिलावरच व्यवहार ठरतो. खाद्यपदार्थाच्या पुड्यावरून जाहिरातपत्रक बेतायचे, तर रंगांइतकीच ही रीतही उचलावी लागते. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये नेमकी तीच चित्रपटासाठी वापरली.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे शिकून ते छायाचित्रण व मुद्रणकलेकडे वळले. राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या छपाईचेही काम त्यांनी केले. पुढे स्वतःचा छापखाना काढला आणि रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ मध्ये जर्मनी गाठली. भागीदारांशी मतभेद होताच मात्र हा जम बसलेला व्यवसाय त्यांनी सोडला.

१९११ मध्ये ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहून त्यांना चित्रपटाचा ध्यास लागला. भांडवलदारांना पटवण्यासाठी त्यांनी वाटाण्याच्या दाण्यापासून वेल वाढतानाचा छोटा चित्रपट तयार केला. मालाचा हा नमुना पाहून कर्ज मिळाले. सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले. अखेर ३ मे १९१३ रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला.

सुरतेत मात्र पहिल्या खेळाला जेमतेम तीन रुपये जमले. तेथील प्रेक्षकाला दोन आण्यांत सुमारे सहा तासांचे नाटक मिळे. फाळके तीन आण्यांत दीड तासाचा खेळ दाखवत होते. खेळ लांबवण्याचा सल्ला त्यांनी मानला नाही, जाहिरात बदलली. कथेच्या थोरवीऐवजी तीत सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र आणि अवघे तीन आणे, एवढा हिशेब मांडला. उत्पन्न तीनशे रुपयांवर गेले.

या हिशेबातील एक माप मात्र खरे नव्हते. चित्रपट सुमारे ३,७०० फुटांचा होता आणि एका फुटात सोळा चौकटी बसत. त्यामुळे छायाचित्रांचा आकडा जवळपास जुळतो; लांबी मात्र पाऊण मैलाहूनही कमी भरते. आज खाण्याच्या पुड्यावर असे वजन छापले, तर तो वजनमाप कायद्याचा भंग ठरेल. तरीही प्रेक्षक मुख्यतः त्या चित्रांसाठीच आले होते, आणि ती पडद्यावर खरोखर होती.

१९१८ मध्ये ‘हिंदुस्थान फिल्म्स’ उभी राहिली. पुढे तेथेही भागीदारांशी बिनसले. बोलपटांच्या काळात फाळके मागे पडले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. दिसण्याआधीच विकाव्या लागणाऱ्या कलेला गिऱ्हाइकाच्या ओळखीचे माप देणाऱ्या या मुद्रकाला आपल्या श्रमांचे मोल मात्र अखेरपर्यंत पुरते वसूल करता आले नाही.