तेलविहिरींच्या जन्मापासून शेवटापर्यंत उपयोगी पडणारी दूरदृष्टी
केशवदेव मालवीय : भारतीय तेलसंशोधनाचे शिल्पकार

पन्हाळ्याच्या कड्यांत दिसणारा काळा बेसाल्ट कोल्हापूरकरांच्या परिचयाचा आहे. दख्खनच्या ज्वालामुखींतून निर्माण झालेला हाच पाषाण मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, अरबी समुद्रातील 'मुंबई हाय' तेलक्षेत्राच्या तळाशीही आढळतो. या तेलक्षेत्रापर्यंत देशाला नेणारी संस्था ज्यांनी उभी केली, ते केशवदेव मालवीय.

मालवीय यांचा जन्म १९०४ चा. कानपूरच्या हार्कोर्ट बटलर तंत्रज्ञान संस्थेत त्यांनी शिक्षण घेतले आणि स्वातंत्र्यलढ्यातही उडी घेतली. पुढे नेहरूंच्या मंत्रिमंडळात नैसर्गिक साधनसंपत्तीचे काम त्यांच्याकडे आले. भारतात फारसे तेल नाही, असे अनेक परदेशी तज्ज्ञांचे मत होते. मालवीयांना ते मान्य नव्हते. आपल्या भूगर्भाचा अभ्यास आपल्याच भूवैज्ञानिकांनी केला पाहिजे, या आग्रहातून १९५६ मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला. सोव्हिएत तज्ज्ञांच्या साह्याने १९५८ मध्ये खंबातला आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागले.

यश मिळत असतानाच निवडणूक देणगीच्या प्रकरणावरून १९६३ मध्ये त्यांना मंत्रिपद सोडावे लागले. त्यांनी उभारलेल्या संस्थेचे काम मात्र थांबले नाही. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या यंत्रणेने मुंबई हायमध्ये तेल शोधले. त्याच वर्षी पेट्रोलियम खाते पुन्हा मालवीयांकडे आले आणि मे १९७६ मध्ये तेथे प्रत्यक्ष उत्पादन सुरू झालेले त्यांना पाहता आले. १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले. डेहराडूनच्या तेलसंशोधन संस्थेला त्यांचेच नाव आहे.

त्यांच्या कार्याचा एक पैलू आज नव्याने महत्त्वाचा ठरतो आहे. तेलविहिरीचे आयुष्य संपले की ती कायमची बंद करावी लागते. केवळ वरचे तोंड बुजवून भागत नाही. मुंबई हायच्या चुनखडकातील तेल लाखो वर्षे वर आले नाही, कारण त्यावर शेलसारख्या अभेद्य खडकाचे झाकण होते. विहीर खोदताना त्या झाकणाला छिद्र पडते. ते बुजवण्यासाठी सिमेंटचे बूच नेमके त्या अभेद्य थराच्या पातळीवरच बसवावे लागते. थर किती खोल आहे, खडकाला भेगा आहेत का, खालचा दाब पुन्हा वाढेल का, जुने सिमेंट नळीला व खडकाला धरून आहे का, हे आधी तपासावे लागते. अंदाज चुकला तर तेल व वायू समुद्रात झिरपू शकतात आणि त्याची झळ मासेमारीला, किनाऱ्याला बसते.

पश्चिम किनाऱ्याजवळील ताप्ती वायुक्षेत्रात विहिरी अशा रीतीने कायमच्या बंद करण्याचे काम झाले आहे. मुंबई हायच्या जुन्या विहिरींनाही कधी ना कधी त्याच वाटेने जायचे आहे. तेल शोधण्यासाठी जमवलेली खडकांची माहितीच त्या वेळी कामी येणार आहे. ती माहिती देशाच्या हाती असावी, हा मालवीयांचा आग्रह किती योग्य होता, याची साक्ष या विहिरींच्या अखेरच्या पर्वातही मिळते.