फक्त आपल्या वाट्याची खतं



रोज गाथेतला एक अभंग वाचायचा आणि त्यावर चार ओळी लिहायच्या, हा आपला नेम. आज मात्र अभंग लिहिणाऱ्या माणसाकडेच बघूया. त्याला कारण आहे. मधे माझी नोकरी गेली. ईएमआय चालूच होता. रात्री दोन वाजता डोक्यात तेच ते विचार लूपसारखे फिरायचे. शेवटी काउन्सेलरकडे जायला लागलो, तर एक मित्र म्हणाला की तू तर माळकरी, तुला याची काय गरज? तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. ते पुढे तुकोबांच्या आयुष्यात सापडलं.

तुकोबा देहूच्या खात्यापित्या घरातले. घरात महाजनकी, वाण्याचा व्यापार, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली विठ्ठलाची वारी. पण कोवळ्या वयातच आईवडील गेले. थोरले भाऊ सावजी, बायको वारल्यावर विरक्त होऊन तीर्थयात्रेला निघून गेले. सगळा प्रपंच तुकोबांच्या अंगावर पडला. त्यात १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. दख्खन आणि गुजरातेत गावंच्या गावं ओस पडली. तुकोबांचं दिवाळं निघालं, बाजारातली पत गेली. पहिली बायको रखमाबाई अन्नावाचून गेली, आणि लहानगा मुलगाही गेला.

एवढं सगळं झाल्यावर त्यांनी काय केलं? पहिलं म्हणजे, दुःख लपवलं नाही. लाज वाटली, जीव नकोसा झाला, हे त्यांनी पुढे अभंगांत सरळ सांगून टाकलं. विठ्ठलाशी ते भांडले, रुसले, रडले. मनातलं जड ओझं कागदावर उतरवल्याने माणूस सावरू शकतो का, यावर जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केला. तुकोबांनी तर हजारो अभंग लिहिले!

दुसरं म्हणजे, ते हातापायांनी कामाला लागले. भामनाथ आणि भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांत केला, पण तिथेच बसून राहिले नाहीत. पडझड झालेलं वाडवडिलांचं देऊळ नीट केलं. संतांची वचनं पाठ केली. कीर्तनात पुढे गाणाऱ्याच्या मागे उभं राहून धृपद धरलं. आधी छोटी कृती करा, मन मागून येईल, असं माझी काउन्सेलर सांगते. तुकोबांची तऱ्हा अशीच होती.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त भिडते. घरात लोकांकडच्या येण्याची कर्जखतं होती. परंपरा सांगते की त्यांनी निम्मी खतं धाकट्या कान्होबांना दिली आणि फक्त आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. आपलं वैराग्य भावावर लादलं नाही. सोडायचं ते आपलं, दुसऱ्याचं नाही.

आणि हेही विसरायला नको की घरी दुसरी बायको जिजाई होती, मुलं होती. भाकरी घेऊन डोंगर चढणाऱ्या जिजाईला आपण कजाग म्हणून मोकळे होतो. पण चूल तिनेच सांभाळली. एकाच्या सावरण्यामागे दुसऱ्या कुणाचे तरी पाय दुखत असतात. माझ्या घरीसुद्धा हेच झालं, आणि बायकोला ते मी फार उशिरा बोलून दाखवलं.

माझ्याकडेही खतं आहेत. मोबाइलमध्ये एक नोट आहे, कोण माझ्याशी कसं वागलं याची यादी. ती मी आधी काउन्सेलरला वाचून दाखवली, मग देवघरात विठ्ठलाला. दोघांनीही शांतपणे ऐकून घेतलं. यादी अजून पूर्ण डिलीट झालेली नाही. परवा दोन ओळी खोडल्या, आणि त्या रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

मित्राला आता सांगेन की देव आणि काउन्सेलर यांच्यात निवड करायची नसते. दोघांपुढेही खरं बोलायचं असतं.

आजचा नेम: दहा मिनिटं काढा. मनात साठलेलं जसं आहे तसं लिहा, सुंदर लिहायला जाऊ नका. मग बघा, त्यातलं आपल्या वाट्याचं एखादं खत आज सोडता येतंय का. नाही आलं तरी हरकत नाही, उद्या परत बसू. आणि ओझं फारच जड असेल तर एकट्याने वाहू नका, जाणकार माणसाकडे जा.

राम कृष्ण हरी!