सर सालारजंग व वऱ्हाडचे देणे

एका सत्तेने दुसऱ्याचा प्रदेश अथवा द्रव्य अन्यायाने घेतले असल्यास पुढे त्याची भरपाई मागावी की न मागावी, हा प्रश्न आज जगातील पुष्कळ राष्ट्रांत चर्चिला जात आहे. आमच्या वाचकांस तो दूरदेशीचा वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या भूमीत आमचे अमरावती व अकोला हे जिल्हे वसले आहेत, त्या वऱ्हाडाविषयीच असा वाद सन १८५३ पासून ऐंशी वर्षांहून अधिक काळ चालला होता. आणि त्या वादात ज्यांनी आपले अर्ध्याहून अधिक आयुष्य वेचले ते पुरुष म्हणजे निजामाचे दिवाण सर सालारजंग होत. त्यांचे चरित्र विद्यार्थ्यांनी जाणून घेण्यासारखे आहे, म्हणून ते येथे थोडक्यात देत आहोत.

सालारजंग हा किताब होय. त्यांचे मूळ नाव मीर तुराब अली खान. त्यांचा जन्म २१ जानेवारी १८२९ रोजी विजापुरी झाला. घराणे दिवाणांचे होते. तथापि पितृछत्र बालपणीच हरपल्याने त्यांचे संगोपन वडीलधाऱ्या आप्तांनी केले. चुलते सिराज-उल-मुल्क हे हैदराबादचे दिवाण असल्याने राज्यकारभारातील खाचाखोचा त्यांस लहान वयातच दिसू लागल्या.

त्या वेळी हैदराबाद संस्थान कर्जात बुडाले होते, आणि त्या कर्जाचे एक मोठे कारण म्हणजे कंटिंजंट नावाची फौज. सन १८०० च्या तहान्वये कंपनीच्या तैनाती फौजेच्या खर्चाकरिता निजामाने मुलूख तोडून दिलाच होता. त्याखेरीज युद्धप्रसंगी ६,००० पायदळ व ९,००० घोडदळ कंपनीच्या मदतीस पाठविण्याचे त्याने कबूल केले होते. हे कलम युद्धकाळापुरते होते. पुढे मात्र इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक निराळी कायमची फौज उभी राहिली, आणि शांततेच्या काळातही तिचा पगार निजामाच्या माथी बसला. पगार थकला की कंपनी तो आपल्या खजिन्यातून देई व निजामाच्या नावे व्याजासह मांडून ठेवी. सन १८५३ पर्यंत हे देणे ४५ लाख रुपयांच्या वर गेले. तेव्हा लॉर्ड डलहौसी यांच्या अमदानीत निजामावर दडपण आणून २१ मे १८५३ रोजी नवा तह करण्यात आला, आणि वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेले. फौजेचा व कारभाराचा खर्च वजा जाता जे उरेल ते निजामास द्यावे व दरसाल हिशोब दाखवावा, असे ठरले.

या तहानंतर आठवडाही लोटला नाही तोच सिराज-उल-मुल्क मरण पावले, आणि अवघ्या चोवीस वर्षांच्या पुतण्याच्या हाती दिवाणगिरीची सूत्रे आली. तिजोरी रिकामी, अनेक तालुके सावकारांकडे व अरब जमादारांकडे गहाण, आणि वसूल मक्तेदारांच्या हाती, अशी तेव्हाची स्थिती होती. सालारजंगांनी एकाएकी काही उलथापालथ केली नाही. गहाण पडलेले तालुके त्यांनी क्रमाक्रमाने सोडविले, मक्त्याची पद्धत मोडून पगारी अधिकारी नेमले, सन १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी केली, न्यायालये व पोलीसखाते यांची घडी बसविली आणि दार-उल-उलूम ही विद्याशाळा काढली. दुसऱ्याकडे हिशोब मागणाऱ्याने आधी स्वतःची वही नीट ठेविली पाहिजे, हे त्यांनी आचरणाने दाखविले.

सन १८५७ च्या उठावात हैदराबादच्या रेसिडेन्सीवर १७ जुलै रोजी हल्ला झाला. परंतु सालारजंगांनी संस्थान इंग्रजांच्या बाजूस राखिले. त्याबद्दल कोणी त्यांस दूरदर्शी म्हणतात, कोणी दोष देतात. इंग्रजांनी मात्र हा उपकार मानिला, आणि सन १८६० च्या तहाने धाराशिव व रायचूर दुआब हे प्रांत परत देऊन सुमारे ५० लाखांचे कर्ज सोडून दिले. सुमारे ३२ लाख उत्पन्नाचे वऱ्हाड तेवढे त्यांनी फौजेच्या खर्चाकरिता ठेवून घेतले. याच तहात वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशोब मागण्याचा हक्क निजामाने सोडला. हे कलम पुढे सालारजंगांच्या मार्गात फार आडवे आले. कारण शिल्लक मिळण्याचा हक्क राहिला, परंतु ती शिल्लक किती हे तपासण्याचे साधन गेले.

आणि वऱ्हाडचे उत्पन्न तर वाढत होते. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध सुरू होऊन विलायतेच्या गिरण्यांस तिकडील कापूस मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडी कापसास सोन्याचे मोल आले. आगगाडीचा रस्ता अकोला, बडनेरा यांवरून सन १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला. उत्पन्नाबरोबर कारभाराचा खर्चही वाढला. हा खर्च अवाजवी आहे, अशी सालारजंगांची तक्रार होती.

सन १८६९ मध्ये निजाम अफझल-उद्दौला निवर्तले. त्यांचे पुत्र महबूब अली खान तेव्हा अज्ञान बालक असल्याने राज्यरक्षणाचा भार सालारजंग व त्यांचे सहकारी अमीर-इ-कबीर यांजवर पडला. मग सालारजंगांनी वऱ्हाड परत मिळविण्याचा उद्योग उघडपणे आरंभिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, वऱ्हाड हे विकलेले नसून फौजेच्या पगाराकरिता तारण ठेविलेले आहे. सबब त्या पगाराची दुसरी खात्रीची तजवीज झाल्यास तारण परत मिळाले पाहिजे. ज्या रकमेच्या व्याजात फौजेचा खर्च भागेल एवढी रक्कम हिंदुस्थान सरकारकडे अनामत ठेवण्याची तयारीही त्यांनी दर्शविली. सरकारने नकार दिला. सालारजंगांनी पुनः लिहिले, जुने तह व जुना पत्रव्यवहार यांचे आधार काढून दाखविले, आणि सरकारची नाराजी पत्करूनही मागणी सोडली नाही. ज्यांच्याशी १८५७ साली मैत्री राखिली, त्यांच्याशीच हक्काकरिता भांडण्यास लागणारे धैर्य निराळ्या जातीचे असते.

सन १८७६ मध्ये ते विलायतेस गेले. वाटेत पॅरिस येथे जिन्यावरून पडून त्यांच्या मांडीचे हाड मोडले. तरी ते इंग्लंडास पोहोचले. तेथे त्यांची राणीशी भेट झाली, ऑक्सफर्ड विद्यापीठाने पदवी दिली, लंडन शहराने बहुमान केला. मानसन्मान पुष्कळ मिळाले, वऱ्हाड मिळाले नाही. निजाम वयात आल्यावर या गोष्टीचा विचार करता येईल, अशा आशयाचे उत्तर पुढे सन १८७८ मध्ये आले. त्या दिवसाची वाट पाहत असता ८ फेब्रुवारी १८८३ रोजी पटकीच्या विकाराने सालारजंगांचा अंत झाला. अवघ्या एका वर्षाने, फेब्रुवारी १८८४ मध्ये, महबूब अली खान यांस राज्याधिकार मिळाले.

पुढील हकिगत लवकर सांगता येते. सन १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी दरसाल २५ लाख रुपये खंडावर वऱ्हाडचा कायमचा पट्टा लिहून घेतला, आणि दुसऱ्याच वर्षी वऱ्हाड मध्यप्रांतास जोडले. ज्या कंटिंजंट फौजेकरिता वऱ्हाड घेतले, ती निराळी फौज म्हणून उरली नाही. वऱ्हाड मात्र परत गेले नाही. सन १९२३ मध्ये निजाम उस्मान अली खान यांनी पुनः मागणी केली, ती १९२६ मध्ये लॉर्ड रीडिंग यांनी फेटाळली. सन १९३६ च्या कराराने निजामाच्या युवराजास वऱ्हाडचा राजपुत्र अशी पदवी तेवढी मिळाली. देश स्वतंत्र झाल्यावर हा वाद आपोआप संपला, आणि १९६० पासून वऱ्हाड महाराष्ट्र राज्यात आहे.

आता या चरित्रापासून काय घ्यावे? सालारजंगांची मागणी न्याय्य होती, असे आम्हांस वाटते. जे देणे तहात नव्हते ते लादून त्यापोटी प्रांत घेणे हा अन्याय होता, आणि तो जुना झाला म्हणून नाहीसा होत नाही. परंतु भरपाई कोणास द्यावयाची, हा दुसरा प्रश्न उरतोच. सन १८०३ मध्ये अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे व अमरावती जिल्ह्यातील गाविलगडावर भोसल्यांचा पराभव करून इंग्रजांनीच वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख त्यांजकडून घेतला व निजामास दिला. मग खरा धनी कोण? १८५३, १८६०, १९०२ व १९३६ या चारही करारांत वऱ्हाडच्या कास्तकाराचे मत कोणीच विचारले नाही. निजामाच्या मक्तेदारास सारा त्यानेच भरला, इंग्रज कलेक्टरासही त्यानेच भरला. सन १८९९-१९०० च्या दुष्काळात तोच उपाशी मेला. आणि त्यानंतर दोनच वर्षांनी २५ लाखांचा खंड ठरला, तो हैदराबादच्या खात्यावर.

असे अन्यत्रही घडले आहे. सन १८३३ मध्ये इंग्लंडने आपल्या वसाहतींतील गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला, तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई गुलामांच्या मालकांस मिळाली; गुलामांच्या हाती काही पडले नाही. उलट सन २०१३ मध्ये केनियातील स्वातंत्र्यलढ्याच्या काळी छळ सोसलेल्या पाच हजारांवर वृद्ध स्त्रीपुरुषांस इंग्लंडच्या सरकारने सुमारे दोन कोटी पौंड देण्याचे मान्य केले. रक्कम जवळजवळ तीच. परंतु दुसऱ्या वेळी ती ज्यांनी सोसले त्यांजकरिता होती.

शुभवर्तमानातील जक्कयाची गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस पाठ आहे. त्या जकातदाराने ज्यांचे अन्यायाने घेतले त्यांस चौपट परत करण्याचे कबूल केले. ते त्याने आपल्या वरिष्ठास देऊ केले नाही, दरबारासही नाही; ज्याचे घेतले त्यालाच देऊ केले. राष्ट्रांनी भरपाई अवश्य मागावी, सालारजंगांप्रमाणे कागदपत्रे हाती घेऊन, स्वतःचे देणे देण्याची तयारी ठेवून व न थकता मागावी. परंतु मागणाऱ्याने आपल्या शेतावरील कास्तकारासही विचारावे, आणि जे मिळेल ते त्याच्या घरापर्यंत पोहोचवावे. सालारजंगांच्या हातून हे एवढे राहून गेले. ते आता पुढील पिढीने करावयाचे आहे.