लक्ष्मीबाई टिळक

लक्ष्मीबाई नारायण टिळक (१ जून १८६८ – २४ फेब्रुवारी १९३६) या मराठी लेखिका व कवयित्री होत. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचे आत्मचरित्र मराठी गद्यातील श्रेष्ठ ग्रंथांत गणले जाते. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक हे त्यांचे पती. एका कर्मठ चित्पावन कुटुंबात रुजलेली ख्रिस्ती श्रद्धा पुढील पिढ्यांपर्यंत कशी पोहोचली, हे समजण्यासाठी त्यांचे चरित्र विशेष महत्त्वाचे आहे.

बालपण व विवाह

लक्ष्मीबाईंचा जन्म नाशिकजवळील जलालपूर येथे गोखले घराण्यात झाला. त्यांचे माहेरचे नाव मनकर्णिका. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या बंडाच्या काळात फाशी झाली. त्या धक्क्यानंतर त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याला सीमा राहिली नाही. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. वयाच्या अकराव्या वर्षी मनकर्णिकेचा विवाह नारायण वामन टिळकांशी झाला. टिळकांचा जन्म १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. त्यांचे प्राथमिक शिक्षण भिवंडीशेजारच्या कल्याण येथे, तर पुढील संस्कृत अध्ययन नाशिक येथे झाले. लक्ष्मीबाईंना शालेय शिक्षण मिळाले नव्हते. त्या लिहावाचावयास शिकल्या त्या विवाहानंतर, पतीकडून.

धर्मांतर व ताटातूट

१८९३ च्या सुमारास आगगाडीच्या प्रवासात भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने टिळकांना 'नवा करार' दिला. येशूच्या डोंगरावरील प्रवचनाचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबई येथे बाप्तिस्मा घेतला. मुलगा देवदत्त (दत्तू) त्या वेळी अवघा तीन-चार वर्षांचा होता. या घटनेने लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पुढील सुमारे पाच वर्षे त्या पतीपासून दूर, आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. त्यांपैकी काही काळ त्यांनी पंढरपूर येथे काढला. पतीने धर्म सोडला तरी आपण व मुलाने तो सोडावयाचा का, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा होता. मुलाला पित्यापासून तोडणे आणि स्वतः माहेरच्या गोतावळ्यापासून तुटणे, या दोहोंपैकी एक दुःख अटळ होते.

अखेर त्या अहमदनगर येथे पतीकडे परतल्या. परंतु धर्मांतर करून नव्हे. त्यांची चूल व पाण्याची भांडी वेगळी होती आणि सोवळेही कायम होते. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. जातिभेद ईश्वराने नव्हे, मनुष्याने निर्माण केला, असा विचार त्यांच्या मनात हळूहळू दृढ होत गेला आणि स्पर्शास्पर्शाचे निर्बंध त्यांनी स्वतःहून सोडले. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

घर आणि श्रद्धा

टिळकांच्या घरातील ख्रिस्ती श्रद्धेने मराठी भक्तिपरंपरेशी नाते तोडले नाही. टिळकांनी अभंग, ओवी व कीर्तन हे प्रकार ख्रिस्तभक्तीसाठी योजिले. त्यांची अनेक गीते 'उपासना संगीत' या संग्रहातून मराठी चर्चमध्ये आजही गायिली जातात. देवदत्त वाढला तो या वातावरणात. त्याच घरात कवी बालकवी (त्र्यंबक बापूजी ठोंबरे) काही काळ पुत्रवत राहिले. ते अखेरपर्यंत हिंदूच राहिले. लक्ष्मीबाईंच्या मायेत त्यामुळे अंतर पडले नाही.

९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहाचे दहन करण्यात आले व अस्थी अहमदनगर येथे पुरण्यात आल्या. पुढे लक्ष्मीबाईंचे काही वास्तव्य देवदत्तांच्या कुटुंबासमवेत कराची येथे, तर अखेरचे नाशिक येथे झाले.

लेखन

येशूच्या चरित्रावरील 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य टिळकांनी १९०९ मध्ये आरंभिले. सुमारे दहा अध्यायांनंतर ते अपुरे राहिले. ज्या धर्मांतरामुळे संसार मोडला होता, त्याच धर्माचे हे काव्य लक्ष्मीबाईंनी आणखी चौसष्ट अध्याय रचून पूर्णत्वास नेले. ते त्यांच्या निधनानंतर, १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. 'भरली घागर' हा त्यांचा कवितासंग्रहही मरणोत्तर प्रकाशित झाला.

'स्मृतिचित्रे' लिहिण्यास निमित्त झाले देवदत्तांचे. वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी लिहून द्याव्यात, अशी त्यांची आईला विनंती होती. त्यातून १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेले चार भाग सिद्ध झाले. त्यांपैकी अखेरचा मरणोत्तर निघाला. पतीवरील राग, विरहाचे हाल आणि स्वतःचे सोवळे यांपैकी काहीही न लपविता, बोलीच्या सहज व विनोदी भाषेत हे लेखन झाले आहे. धर्मांतराचे समर्थन वा निषेध करण्याचा आव त्यात नाही. १९५० मध्ये ई. जोसेफिन इंकस्टर यांनी आणि २०१७ मध्ये शांता गोखले यांनी त्याचे इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केले.

पुढील पिढ्या

देवदत्त नारायण टिळक (१८९१–१९६५) यांनी 'ज्ञानोदय' व 'बालबोधमेवा' या नियतकालिकांचे संपादन केले आणि पंडिता रमाबाईंचे चरित्र लिहिले. 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्या वडिलांनीही १९१२ पासून केले होते. नातू अशोक देवदत्त टिळक यांनी 'स्मृतिचित्रे'ची संपूर्ण आवृत्ती संपादित केली. या घराण्यात श्रद्धेचा वारसा असा लेखन व संपादन यांच्या द्वारेही पुढे गेला. मात्र पहिल्या पिढीतील पती-पत्नींनी तो एकाच वेळी किंवा एकाच मार्गाने स्वीकारला नव्हता. लक्ष्मीबाई त्याच्यापर्यंत स्वतःच्या विचाराने पोहोचल्या आणि त्या वाटचालीचे प्रांजळ वृत्त त्यांनी मुला-नातवंडांसाठी लिहून ठेवले.